मेथीआधी दगड

बॉस्टनच्या आसपास अंगणवालं घर घेतलं की पहिलं पीक येतं ते दगडांचं. मेथीच्या वाफ्यासाठी फावडं मारलं की खण्ण, वीतभर सरकून मारलं की परत खण्ण, आणि वैताग म्हणजे मागच्या वर्षी साफ केलेल्या जागेतच एप्रिलमध्ये नवे हजर! थंडीत दगडाखालचं पाणी गोठतं, दगड जरासा उचलला जातो, बर्फ वितळायला लागला की त्या पोकळीत माती शिरते, मग तो कसला खाली बसतोय. इथल्या जुन्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हेच वेचून बांधाला रचले, त्या दगडी भिंती आजही जंगलात कुठेही दिसतात, शेतं केव्हाच गेली.

आपल्या सह्याद्रीत खणलं तर काळा बसाल्ट, लाव्हा थिजला तिथलाच. इथे एका घमेल्यात गुलाबी ग्रॅनाइट काय, अभ्रकाने चमचमणारा काय, पट्ट्यापट्ट्यांचा काय. हिमयुगात कॅनडाकडून सरकत आलेला किलोमीटरहून जाड बर्फ वाटेतलं सगळं खरवडत आला आणि साधारण 15-16 हजार वर्षांपूर्वी वितळताना इथेच टाकून गेला. नदी निदान गोटे वेगळे, वाळू वेगळी करते, बर्फाचं मात्र शिफ्टिंगच्या शेवटच्या खोक्यासारखं, चिकणमातीपासून ट्रकएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र कोंबलेलं.

माझ्याकडे त्यातला एक आहे, एका बाजूने सपाट आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे, बर्फाच्या तळाशी अडकून खडकावर घासत आल्याचे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाली, "अगं, टाकी लावलेला पाटाच आहे की, टाकू नकोस!"

आता कुठेही गेलं तरी मला तेच दिसतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या 1775 च्या लढाईची ती प्रसिद्ध बंकर हिल म्हणजे बर्फाने थापलेल्या मातीची लांबट टेकडी, बंदरातली बरीचशी बेटंही तसलीच, फक्त समुद्रात अर्धवट बुडालेली. उन्हाळ्यात सगळे पोहायला जातात ते वॉल्डन तळं तर, बर्फाचे प्रचंड तुकडे वाळूत गाडले गेले आणि मागाहून वितळले त्याचा खड्डा आहे, 30 मीटर खोल!

आणि केप कॉड, म्हणजे इथलं समुद्रात लांब घुसलेलं भूशिर, अख्खंच बर्फाच्या कडेला साचलेली वाळू-रेती, धरून ठेवणारा पक्का खडक खूप खोल गाडलेला, म्हणून अटलांटिकच्या बाजूचा किनारा वर्षाला सरासरी मीटरभर ढासळतो. तरी तिथे समुद्राकडे तोंड करून बंगले घेतात लोक, आणि किमती ऐकाल तर चक्कर येईल.