ब्रेनरचा थांबा

ब्रेनर स्टेशनवर उतरलेला माणूस बहुधा दुसरी गाडी पकडायलाच उतरलेला असतो. इन्सब्रुकहून आलेली ऑस्ट्रियाची लोकल इथे संपते आणि बोल्झानोकडे जाणारी इटलीची गाडी इथून सुटते. मधल्या वेळात करायचं काय, तर फलाटावर येरझाऱ्या घालायच्या. हा फुकटचा रिकामा वेळ मला फार आवडतो.

आल्प्स म्हटल्यावर फुलांच्या कुंड्या आणि लाकडी सज्जे शोधणाऱ्याची इथे निराशा होईल. खिंडीत दाटीवाटीनं बसलेलं छोटं गाव, उशाला मोटारवे, आणि उरलेली सपाट जागा रुळांनी बळकावलेली. नजर जाते ती मालगाड्यांवर आणि डोक्यावरच्या तारांवर. या तारांचीही गंमत आहे. ऑस्ट्रियाच्या बाजूची वीज १५,००० व्होल्टची एसी, इटलीची ३,००० व्होल्टची डीसी. त्यामुळे वर्षानुवर्षं इथे प्रत्येक गाडीचं इंजिन बदलायचं. नाशिककडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मुंबईची डीसी वीज पूर्वी इगतपुरीला संपायची, इंजिन बदलायचं, आणि तेवढ्यात खाली उतरून वडा-चहा उरकायचा. पुढे दोन्ही प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिनं आली. म्युनिकहून व्हेरोनाला जाणारी गाडी आता ब्रेनरला थांबते, पण त्याच इंजिनानं पुढे निघू शकते.

खरं म्हणजे हे स्टेशन सीमेसाठी बांधलेलंच नव्हतं. १८६७ मध्ये हा रेल्वेमार्ग सुरू झाला, तेव्हा खिंडीच्या दोन्ही अंगांना ऑस्ट्रियाचंच राज्य होतं. समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवरची ही खिंड आल्प्सच्या मानानं बुटकीच. म्हणून माथ्यावर बोगदा न खणता रूळ उघड्यावरून नेता आले. मार्गाची आखणी करणारा इंजिनिअर कार्ल फॉन एट्झेल मात्र १८६५ मध्येच वारला. त्यावरून धावणारी गाडी त्याला बघायला मिळाली नाही. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या तहात, खिंडीच्या दक्षिणेचा मुलूख इटलीला गेला आणि वाटेतलं एक साधं स्टेशन रातोरात हद्दीवरचं झालं. मग पासपोर्ट, जकात, बॅगा उघडा, बंद करा. १८ मार्च १९४० ला हिटलर आणि मुसोलिनी भेटले तेही इथेच, रेल्वेच्या डब्यात. दोघांपैकी कुणालाच आणखी पुढे जायचं नसावं.

१९९८ मध्ये इथली नेहमीची पासपोर्ट तपासणी बंद झाली. पुढे निर्वासितांचा प्रश्न पेटला तेव्हा गाड्यांतून पुन्हा पोलीस फिरू लागले. त्यांची नजर कुणावर जास्त वेळ रेंगाळते, हे आपल्यासारख्या सावळ्या प्रवाशाला सांगायला नको.

पाण्याची हद्द मात्र कुठल्याच तहानं हलली नाही. खिंडीच्या उत्तर उतारावरचं पाणी झिल नदीतून इनला, तिथून डॅन्यूबला आणि शेवटी काळ्या समुद्राला मिळतं. दक्षिणेकडचं इझार्को आणि आदिजेमधून एड्रियाटिकला जातं. एकाच सरीतले दोन थेंब, पण त्यांची गाठ पडायची म्हणजे अर्धा युरोप वळसा घालावा लागणार.

आता या डोंगराच्या पोटातून ५५ किलोमीटरचा बोगदा चालला आहे, इन्सब्रुक ते फोर्तेझ्झा. २०३२ च्या सुमारास तो सुरू होईल असा सध्याचा अंदाज आहे. मालगाड्या त्यातून जातील, रस्त्यावरचे ट्रक कमी होतील अशी आशा आहे, आणि खिंडीतल्या लोकांना त्याची खरोखर गरज आहे. ट्रकच्या रांगा एकदा बघितल्या की पटतं. वेगवान प्रवासी गाड्याही खालूनच निघतील. ज्यांना व्हेरोनात जेवायला वेळेवर पोचायचंय त्यांनी खुशाल खालून जावं. मी आपला वरची लोकल धरीन, आणि पुढची गाडी उशिरा आली तर तक्रारही करणार नाही.