सुरतेत जाऊन इंग्रजाचं थडगं कशाला बघायचं?

सुरतेला जाऊन आलो असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "महाराजांपुढे वखार लढवणाऱ्या इंग्रजाचं थडगं बघायला कशाला जायचं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून नीट उत्तर देतो.

तो इंग्रज म्हणजे सर जॉर्ज ऑक्झेंडन. १६६४च्या स्वारीत सुरतेचा सुभेदार किल्ल्यात दडून बसला, पण याने वखार सोडली नाही. १६६८मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली तेव्हा तिचा कारभारही याच्याकडेच आला. पुढच्याच वर्षी तो सुरतेत वारला.

कतारगाम दरवाजाजवळच्या इंग्रजी कबरस्तानात तुम्ही त्याची इमारत बघा. सुमारे ४० फूट उंच, दुमजली, जाड खांबांची, जिने चढून वर सज्जात जाता येईल अशी. विलायतेतल्या चर्चशी तिचं काही नातं दिसत नाही. घुमट, कमानी, चुन्याचा गिलावा, सगळा थाट मोगली मकबऱ्याचा! फक्त वरचा उघडा घुमट तेवढा क्रुसाच्या आकाराचा. भाऊ ख्रिस्तोफर दहा वर्षं आधी, १६५९मध्ये गेला होता. चार छोट्या मनोऱ्यांचं त्याचं घुमटाकार थडगं जॉर्जच्या या छत्राखालीच आलं आहे. त्यावरचा लॅटिन लेख मला फार आवडतो, कारण तो व्यापाऱ्याच्या खतावणीसारखा लिहिलाय. याच्या हिशेबात वर्षं नाहीत, नुसते दिवस जमा झाले. धन्याने नोकर गमावला, आम्ही सोबती आणि याने जीव. पण समोरच्या पानावर तो लिहील, मरण हाच माझा नफा.

हे टोपीकर तेव्हा राज्यकर्ते नव्हते. बादशहाच्या फर्मानावर धंदा करणाऱ्या या लोकांना मोठेपणा दाखवायचा तर तो इथल्या अमीर-उमरावांच्याच भाषेत दाखवावा लागे. कुठलीही सनावळी पाठ करून हे मला इतकं स्वच्छ कळलं नसतं. शेजारच्या डच कबरस्तानातही हीच चढाओढ आहे. १६९१मध्ये वारलेल्या व्हान रीड या डच कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याचं अष्टकोनी दुमजली थडगं ऑक्झेंडनच्या तोडीस तोड.

आणि हे घराणं आपल्याला परकं कुठे आहे? १६७४मध्ये राज्याभिषेकासाठी नजराणा घेऊन रायगड चढलेला हेन्री ऑक्झेंडन या दोघा भावांचा पुतण्या. त्याने लिहून ठेवलेली हकीकत आपण आजही राज्याभिषेकाच्या पुराव्यात धरतो.