तुम्ही विचारलंत म्हणून : सपाट मॅरेथॉनसाठी डोंगरात कशाला?

प्रश्न नेहमी दोन भागांत येतो. मुख्य शर्यत डांबरी रस्त्यावरची, जवळजवळ सपाट, ४२.१९५ किलोमीटरची. मग तिच्या तयारीत मध्येच डोंगरवाटेवरची अर्धमॅरेथॉन कशाला? आणि तिथे रस्त्यापेक्षा पाऊण तास जास्त कसा लागतो? पाठोपाठ ‘तब्येत बरी आहे ना?’ हेही येतंच. आता एकदाच नीट लिहिते.

आधी वेळेचं. ट्रेलवर, म्हणजे डोंगरवाटांवर, पळणारे एक ढोबळ हिशेब धरतात: दर १०० मीटर चढाईमागे एक किलोमीटर जास्त. म्हणजे २१ किलोमीटरमध्ये ७०० मीटर चढ असेल, तर काम २८ किलोमीटरचं. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनाही शर्यतींची वर्गवारी करताना हाच हिशेब वापरते. त्यात दगड, चिखल, ओली मुळं धरलेलीच नाहीत. ‘चढावर गेलेला वेळ उतारावर निघतो’ हेही खरं नाही. अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये निरनिराळ्या चढ-उतारांवर पळण्याला किती ऊर्जा लागते ते मोजलं. त्यांच्या सूत्राने १० टक्के चढावर दर मीटरला सपाटीच्या दीडपटीहून जास्त ऊर्जा जाते, आणि तेवढ्याच उतारावर वाचते ती त्याहून बरीच कमी. साधारण २० टक्के उतारापर्यंत पळणं स्वस्त होत जातं, त्यापुढे पुन्हा महाग.

म्हणून मी तिथे घड्याळातला पेस, म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, बघतच नाही. दाट झाडीत आणि नागमोडी वाटेवर जीपीएस वळणं कापतं, तो आकडा धड खराही नसतो. श्वास बघते. चढावर तुटक का होईना, एक वाक्य बोलता आलं पाहिजे. चढ १५-२० टक्क्यांच्या पुढे गेला की मी चालते, तळवे मांड्यांवर दाबून, लहान पावलांनी. होय, शर्यतीत चालते. तिथे पळणारा माझ्यापुढे जेमतेम काही मीटर जातो आणि माथ्यावर पोचतो तो धापा टाकत.

आता ‘कशाला’. चढावर पोटऱ्या आणि नितंबांचे स्नायू असे लागतात, जसे सपाटीवर लागत नाहीत. वेड्यावाकड्या जमिनीवर घोटा दर पावलाला नव्याने सावरायला शिकतो. पण मला हवा असतो तो उतार. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. त्याने तो सर्वांत जास्त दुखावतो. मात्र असा मार एकदा खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसल्याच माराने कमी दुखावतो. मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये मांड्या साथ सोडतात, त्यावर मला सापडलेला हा उपाय आहे.

हे सगळं मी सांगत आले. एक उतार मात्र सांगितला नाही.

चौदाव्या किलोमीटरला शेवटचा माथा, पुढे तीन किलोमीटरमध्ये ४०० मीटर खाली. मिनिटभरात श्वास जागेवर आला, छातीतली धडधड उतरली, आणि घड्याळावर पहिल्यांदाच रस्त्यापेक्षा वेगवान पेस दिसला. नेमकी इथे चूक झाली. फुफ्फुसं मोकळी, म्हणून पाय मोकळे, असं मी धरलं आणि टांग लांब टाकली. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे पडायला लागली. अंग मागे झुकलं, म्हणजे प्रत्येक पाऊल अख्ख्या वजनाचा ब्रेक. पहिला किलोमीटर छान गेला, कारण ही झीज त्या क्षणी दुखत नाही. दुसऱ्यात मांड्या थरथरायला लागल्या, गुडघा वजन घेईना. पाय नेहमीपेक्षा बोटभर कमी उचलला जात होता, आणि तेवढ्याने बुटाचं टोक एका मुळाला अडकलं. दोन्ही हात पसरून सावरले, पडले नाही. लेस रस्त्यावरच्यासारखी सैल, त्यामुळे पाऊल बुटात पुढे सरकून अंगठे टोकाला आपटत होते. तिसरा किलोमीटर आडवी पावलं टाकत उतरले. खालची चार किलोमीटर सपाटी म्हणजे वेळ भरून काढायची जागा. तिथे श्वास गप्पा मारण्याइतका शांत होता आणि पाय चढावरच्यापेक्षाही हळू.

पुढचे दोन दिवस जिना उलटा उतरले. ते अपेक्षित होतं. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच टोकाला जातं. अपेक्षित नव्हतं ते नवव्या दिवशीचं. मॅरेथॉनच्या पेसने १६ किलोमीटर पळायचे होते, सहाव्याला थांबले. दुखत काहीच नव्हतं, जोरच नव्हता. जिच्यासाठी डोंगरात गेले, त्या तयारीचे दोन आठवडे तीन किलोमीटरमध्ये गेले.

आता उतरते ते असं: पावलं लहान आणि भरभर, पाय कमरेखालीच पडेल असा, गुडघा किंचित वाकलेला, अंग घोट्यातून जरासं पुढे, हात तोल सांभाळायला उघडे, नजर तीन-चार मीटर पुढे. बुटाच्या सगळ्यांत वरच्या दोन भोकांतून लेसचे फास करून त्यांतून लेस ओवते, टाच पक्की बसते. अंगठ्यापुढे बोटभर जागा असते, नखं दोन दिवस आधी कापलेली. मऊ चिखलाला बुटाच्या तळाचे लांब खुंट बरे, पण ओल्या खडकावर खुंटांपेक्षा रबर कामाला येतं. आधीचे सहा आठवडे, आठवड्यातून एकदा, सावकाश रनमध्ये दहा-पंधरा मिनिटं उतार. खाण्याचं थोडक्यात: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, तीही चढावर चालताना घ्यायची. उतारावर पाकीट फोडत बसलं की नजर वाटेवरून उठते.

त्या वेळच्या माझ्या वहीत लिहिलंय: ‘उतार फुकट आहे, सोडू नकोस.’ ती बाई अगदीच चुकली नव्हती. ऊर्जेच्या हिशेबाने उतार स्वस्तच असतो, आणि मांड्या घट्ट करायच्या तर त्यांना थोडा मार बसायलाच हवा. हल्ली मी इतकं राखून उतरते की तो मार पुरेसा बसतो का, हे मलाच कळत नाही. त्याच रविवारी सपाटीवर ३० किलोमीटर, त्यातले १२ मॅरेथॉनच्या पेसने, हे जास्त उपयोगी पडलं असतं, असं तुमच्यातले काही म्हणतात. त्याला माझ्याकडे ठोस उत्तर नाही. शर्यत सपाट आहे, सराव सपाटीवर करा, हा मुद्दा मला खोडता आलेला नाही.

तरी यंदाही नाव दिलंय. मुख्य शर्यतीच्या पाच आठवडे आधी, आणि नंतरचा आठवडाभर वेगाचं काहीही नाही. शेवटच्या उताराचा पहिला किलोमीटर मोजून लहान पावलांनी. उरलेले दोन किती सोडायचे, हे मांड्या थरथरतात की नाही ते बघून तिथेच ठरवेन.