अल्झायमर, व्हिटॅमिन सी आणि घरातल्या ज्येष्ठांचं ताट

आवळ्याने अल्झायमर बरा होतो, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना व्हिटॅमिन सीची १००० मिलिग्रॅमची गोळी सुरू होते. अल्झायमर त्याने बरा होत नाही. पण व्हिटॅमिन सी आणि मेंदूचं नातं खरं आहे, म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं.

रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट व्हिटॅमिन सी मेंदूच्या पेशींत साठलेलं असतं. एसव्हीसीटी-२ नावाचं वाहक प्रथिन ते आत खेचून घेतं. अंगातला साठा आटत चालला तरी मेंदू आपला वाटा सहजी सोडत नाही. तिथे ते ऑक्सिडेशनची, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींत होणारी, मोडतोड थोपवतं आणि वापरलं गेलेलं व्हिटॅमिन ई पुन्हा कामाला लावतं. अल्झायमरमध्ये मेंदूत बीटा-अ‍ॅमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं, तिथेही अशीच मोडतोड चालू असते.

उंदीर आपलं व्हिटॅमिन सी यकृतात स्वतःच बनवतो, माणसाला ते जमत नाही. म्हणून त्यासाठी लागणारं जनुक बंद केलेले, शिवाय अ‍ॅमिलॉइड साचणारे उंदीर घेऊन एक प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाच्या पाण्यात लिटरमागे ०.६६ ग्रॅम व्हिटॅमिन सी होतं, दुसऱ्याच्या ३.३ ग्रॅम. जास्त मिळालेल्यांच्या मेंदूत अ‍ॅमिलॉइड कमी साचलं. दुसऱ्या एका प्रयोगात ते वाहक प्रथिनच कमी असलेले उंदीर होते. त्यांच्या मेंदूत व्हिटॅमिन सी कमी पोचलं आणि नुकसान वाढलं.

माणसांत चित्र वेगळं दिसलं. अल्झायमरच्या रुग्णांना १६ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, सोबत व्हिटॅमिन ई आणि अल्फा लिपोइक अ‍ॅसिड हे ऑक्सिडेशन रोखणारं आणखी एक द्रव्य दिलं. २०१२ साली आलेल्या निकालात पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यातलं अ‍ॅमिलॉइड किंवा टाऊ (अल्झायमरशी जोडलेलं दुसरं प्रथिन) बदललं नव्हतं. ऑक्सिडेशनची एक खूण उतरली होती, पण स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुण या गटात उलट जास्त वेगाने घसरले. हे सगळं पाहता माझं ठाम मत असं की कमतरता होऊ न देणं महत्त्वाचं, डोस चढवत नेणं नाही. रोज २०० ते ४०० मिलिग्रॅम पोटात गेलं की रक्तातली पातळी जवळजवळ भरते. मग इमारतीची टाकी भरल्यावर पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून जातं, तसं वरचं लघवीतून जातं.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पुरुषांना रोज ८० आणि बायकांना ६५ मिलिग्रॅम पुरतं. १०० ग्रॅम पेरूत २०० च्या वर असतं, आवळ्यात साधारण २५०. म्हणजे एक मध्यम आवळाही पुष्कळ झाला. तरी ज्येष्ठांच्या ताटात कमतरता होते, कारण कवळीत पेरूच्या बिया अडकतात, अ‍ॅसिडिटीच्या भीतीने आंबट बंद होतं आणि जेवण मऊ वरण-भातावर येतं. पेरूच्या बिया काढून गर चमच्याने द्या. आवळा किसून मीठ लावून लगेच वाढा. लिंबू वरणाच्या पातेल्यात न पिळता ताटात पिळा.

स्टेशनबाहेर मिळणारी चिरलेली भाजी घाईच्या दिवसांत मोठा आधार असते, पण ती चिरल्यापासून उघडी असते आणि घरी पुन्हा धुतली जाते. हवेने आणि पाण्याने व्हिटॅमिन सी जातं, उरलेलं उकळताना. कोबी आधी धुवा, मग चिरा, थोड्या पाण्यात झाकण ठेवून शिजवा. पालेभाजी हिरवी राहावी म्हणून सोडा घालू नका. लिंबाचं सरबत तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. तांब्यामुळे ऑक्सिडेशन झपाट्याने होतं.

मुतखडा झालेल्यांनी मोठ्या डोसपासून लांब राहावं, कारण जास्तीच्या व्हिटॅमिन सीचं ऑक्झलेट बनतं. थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार किंवा जी६पीडी या लाल पेशींतल्या एन्झाइमची कमतरता असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी नकोच. आणि विसरभोळेपणा वाढला असेल तर आधी बी१२, थायरॉइड, साखर आणि कान तपासून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. मुंबईत केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत न्यूरॉलॉजीचा विभाग आहे.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिलीच तर मोठी बाटली भरून ठेवू नका. मुंबईच्या पावसाळ्यात झाकण उघडं राहिलं की गोळीवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. दमट हवेने व्हिटॅमिन सी खराब झाल्याची ती खूण. अशा गोळ्या टाकून द्या.