सारंगखेड्याची चक्री आणि दोन फळ्या

आमच्या भाऊला मोबाइलवर एक व्हिडिओ सापडला आणि तिथून हे सगळं सुरू झालं. अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात मॉर्गन्स वंडरलँड नावाचं पार्क आहे. गॉर्डन हार्टमन नावाच्या गृहस्थाने ते २०१० साली आपल्या लेकीसाठी उभारलं. त्याची लेक मॉर्गन एकदा सुट्टीत पोहण्याच्या तलावावर इतर मुलांशी खेळायला गेली आणि ती मुलं पाण्यातून निघून गेली. बापाच्या मनाला ते लागलं. त्या पार्कात दिव्यांगांना तिकीट लागत नाही. तिथल्या चक्रीवर लाकडी घोड्यांच्या जोडीला व्हीलचेअरसाठी जागा आहे, आणि घोडे वर-खाली होतात तशी खुर्चीही होते. भाऊने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. एका रात्री मला फोन करून म्हणाला, "ताई... घोडा... मला पण."

भाऊ माझा धाकटा भाऊ, वय ३१. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. पाय चालत नाहीत, उजवा हात थोडा साथ देतो, शब्द सावकाश येतात पण येतात पूर्ण. अमळनेरला आई आणि मोठी माय यांच्याबरोबर राहतो. चुलतभावाच्या केंद्रात बसून एका बोटाने पीक विम्याचे अर्ज भरतो आणि त्याचे पैसे स्वतःच्या खिशात ठेवतो. मोठी माय म्हणजे आमची मोठी काकू. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. मी धुळ्याला असते. टेक्सासला जाणं आमच्या ऐपतीत नाही, पण खान्देशात करमणुकीच्या जागा काय कमी आहेत, असं म्हणून गेल्या वर्षभरात आम्ही सगळे तीनदा बाहेर पडलो.

पहिल्यांदा गेलो ते हायवेवरच्या एका वॉटर पार्कला. मे महिना, पारा ४४ च्या पुढे. आदल्या दिवशी फोन केला होता. "व्हीलचेअर चालेल का?" विचारलं तर पलीकडून, "हो हो, या ना, सगळी सोय आहे." आता कळतं की तो प्रश्नच चुकीचा होता. विचारायचं असतं ते असं: गेटपासून पाण्यापर्यंत पायऱ्या किती? संडासचं दार किती इंच? कमोड आहे का? तिथे पोहोचलो तर गेटवरच सात पायऱ्या. आम्ही थबकलेलं पाहताच चार पोरं धावत आली. "ताई, तुम्ही बाजूला व्हा, आम्ही उचलतो." आपल्याकडे ही माया भरपूर आहे. कुणाला मदत मागावी लागत नाही. पण एकाने चाक धरलं, एकाने पाय ठेवायची पट्टी धरली, ती वाकली आणि खुर्ची तिरकी झाली. भाऊ घाबरला की त्याचं सगळं अंग ताठतं. हात आखडतात, मान मागे जाते. हा त्या आजाराचाच भाग आहे, अचानक धक्का बसला की स्नायू असेच आवळतात. बघणाऱ्यांना वाटलं त्याला झटका आला. खाली ठेवल्यावर तो कितीतरी वेळ बोलला नाही.

तिकीट त्याचं पूर्ण घेतलं होतं. आत गेल्यावर मात्र एकेका ठिकाणी नकार. घसरगुंडीला नकार दिला ते मला पटतं. तिथे अंग सावरावं लागतं, मान धरावी लागते, त्याला ते जमणार नाही आणि जीव महत्त्वाचा. पण लाटांच्या तलावाला पायरीच नसते, समुद्रकिनाऱ्यासारखा उतार असतो. तिथे खुर्ची घोटाभर पाण्यापर्यंत सहज जाते. तिथेही नाहीच म्हणाले, लोखंडी चाकांनी फरशी खराब होईल म्हणून. बरं, दुसरी काही सोय? तर तिथला माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, "त्यांना काय कळतंय, सावलीत बसवा." भाऊ समोर होता. त्याला सगळं कळतं. तो रोज लोकांचे सातबारे वाचतो.

शेवटी आमच्या यांनी कॅन्टीनमधली प्लास्टिकची खुर्ची आणली, भाऊला पोटाशी धरून तिच्यावर बसवलं आणि कडेच्या उथळ पाण्यात नेलं. पहिली लाट आली तेव्हा त्याच्या पावलांवरून पाणी गेलं आणि पायाची बोटं फाकली. एरवी ती कायम मुठीसारखी मिटलेली असतात. माझी नऊ वर्षांची लेक ओरडली, "मामाची बोटं उघडली!" दहा मिनिटं झाली असतील. पाणी गार होतं, गारव्याने त्याचे पाय ताठायला लागले, म्हणून बाहेर काढलं. संडासचं दार २४ इंचांचं, आमची खुर्ची २६ इंचांची. त्यामुळे जेवणही न करता दुपारी दोनला परत निघालो. त्या दिवशी भाऊने पाणी प्यायलं नाही. बाहेर जायचं म्हटलं की तो सकाळपासून पाणी पीत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आईला माहीत होतं.

घरी आल्यावर मी कायदा वाचून काढला. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे. त्याच्या कलम २९ मध्ये संस्कृती आणि करमणूक हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. दवाखाना, शाळा, नोकरी याबद्दल आपण बोलतो. पण पाण्यात पाय बुडवून बसणं हाही हक्क आहे, हे वाचून मला बरं वाटलं आणि रडूही आलं. कलम ४६ सांगतं की लोकांना सेवा देणाऱ्यांनी, सरकारी असोत की खासगी, नियम आल्यापासून दोन वर्षांत आपली जागा सुगम करावी. नियम २०१७ सालीच आले.

दुसऱ्यांदा दिवाळीच्या सुट्टीत जळगावला गेलो, जैन हिल्सवर गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं म्युझियम बघायला. मार्च २०१२ मध्ये प्रतिभाताई पाटलांच्या हस्ते, त्या राष्ट्रपती असताना, त्याचं उद्घाटन झालं. लेक आधी कुरकुरत होती, म्युझियम म्हणजे कंटाळा. पण तिथे पडद्याला बोट लावलं की चित्रं हलतात, त्यात ती रमली. कानाला लावायचं यंत्र मिळतं, त्यामुळे मोठ्या मायला कुणी शेजारी उभं राहून सांगायची गरज उरली नाही. ती एकेका दालनात थांबून ऐकत होती, कधी मान डोलावत होती. भाऊ गुळगुळीत फरशीवर उजव्या हाताने चाक रेटत एकटा पुढे गेला. मी मागोमाग निघाले तर यांनी माझा हात धरला, "जाऊ दे त्याला." दोन दालनं तो मला दिसला नाही. एवढा वेळ तो नजरेआड होण्याची मला सवय नाही. ती दोन-चार मिनिटं माझ्यासाठी फार कठीण गेली आणि त्याच्यासाठी, नंतर त्यानेच सांगितलं, सगळ्यात छान.

पण घोडा राहिलाच होता.

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठचं गाव, एकमुखी दत्ताचं देऊळ आणि घोड्यांचा मोठा बाजार. पंजाब, राजस्थान, गुजरातेतून घोडे येतात. अमळनेरहून शिंदखेडा, दोंडाईचा करत निघालो. दोंडाईच्याजवळ गाडीच्या काचा लावाव्या लागल्या, वाळत घातलेल्या मिरचीचा ठसका थेट घशात जात होता. मोठी माय अहिराणीत म्हणाली, "दोंडाईचं उनं वाटतं," म्हणजे आलं वाटतं. तिला पाटी वाचायची गरजच नव्हती.

यात्रेत व्हीलचेअर नेणं सोपं नाही. तापीकाठची काळी माती, पुढची छोटी चाकं रुततात. एक युक्ती सांगते, आमच्यासारख्या कुणाच्या उपयोगी पडेल: खुर्ची उलटी फिरवून मागे ओढायची. मोठी चाकं पुढे झाली की मातीतून निघते. फक्त बसलेल्याला मागचं जग दिसत राहतं, म्हणून अधूनमधून थांबून त्याला वळवायचं. घोड्यांच्या बाजारात भाऊ बराच वेळ बसला. एका पांढऱ्या घोडीने मान खाली घालून त्याच्या मांडीवरच्या शालीचा वास घेतला. भाऊ दचकेल म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे, पण त्याचं अंग अजिबात ताठलं नाही.

पुढे पाळण्यांची रांग. आकाशपाळणा आम्ही लांबूनच पाहिला. शेवटी होती लहान मुलांची चक्री, लाकडी फळकुटावर दहा-बारा रंगवलेले घोडे. फळकूट जमिनीपासून पाऊण फूट वर. भाऊ काही बोलला नाही, नुसता बघत राहिला. मी चक्रीवाल्याला विचारलं, पन्नाशीचा माणूस, डोक्याला मफलर. म्हटलं, "दादा, याला बसायचं आहे. पण उचलायचं नाही." मागे दोन-तीन जण लगेच पुढे झाले होते, नेहमीसारखेच. चक्रीवाल्याने त्यांना हाताने थांबवलं. भाऊकडे बघून, भाऊलाच विचारलं, "खुर्चीसकट जायचं का भाऊ?" भाऊने मान हलवली. तो टेम्पोकडे गेला आणि दोन फळ्या खांद्यावर घेऊन आला. सामान उतरवायच्या फळ्या, नऊ-एक फूट लांब, कडा झिजून गोल झालेल्या, तेलाचे डाग पडलेल्या. फळकुटाला टेकवून दोन्हींमधलं अंतर त्याने चाकांच्या हिशोबाने ठेवलं, वर उभा राहून हललं तर बघितलं, एका फळीखाली वीट सरकवली.

उताराचं माप एक फूट उंचीला बारा फूट लांबी असं सांगतात. पाऊण फूट उंची आणि नऊ फूट फळी, हिशोब बरोबर तेवढाच येतो. हे मला घरी आल्यावर सुचलं. त्या माणसाने कुठे वाचलेलं नव्हतं. रोज जड सामान चढवणाऱ्याला ते हाताने माहीत असतं.

यांनी मागून फक्त हात लावला, भाऊने चाक रेटलं. वर गेल्यावर ब्रेक लावले, दोन घोड्यांच्या मधोमध खुर्ची खांबाला माझ्या ओढणीने दोन फेरे देऊन बांधली, पोटाचा पट्टा आवळला. लेक शेजारच्या घोड्यावर. चक्रीवाल्याने मोटार बंद केली, म्हणाला, "मी हातानं फिरवतो. जोरात नको ना?" आणि खांदा लावून चालायला लागला. त्या चक्रीवर खुर्ची वर-खाली होत नव्हती, नुसती गोल जात होती. फळकूट करकरत होतं. भाऊ समोरून गेला की तोंड उघडं, मान थोडी मागे, आणि घशातून एक लांब आवाज. मोठी माय माझा दंड धरून उभी होती. तिला आवाज आला, पण कसला ते कळेना. म्हणाली, "भाऊ हासी राह्यना का व?"

"हो माय, हासी राह्यना," मी म्हटलं. तिने पदर डोळ्यांना लावला.

उतरल्यावर मी पर्स उघडली. भाऊने "अंहं" केलं. माणशी २० रुपये होते. त्याने उजवा हात खिशाकडे नेला. थंडीमुळे बोटं जास्तच आखडलेली, खिशाच्या तोंडाशी दोनदा अडकली. मागे रांग लागली होती, पोरं चुळबुळत होती. चक्रीवाला हात पुढे करून उभा राहिला, घाई नाही, मदत नाही. तिसऱ्यांदा नोट बाहेर आली, चुरगळलेली, ५० रुपयांची. चक्रीवाल्याने ती मांडीवर सरळ केली, दहा परत द्यायला खिशात हात घातला. भाऊचे आणि लेकीचे मिळून ४० झाले होते.

भाऊने मान हलवली आणि दुसऱ्या खिशाकडे हात नेला. एक शब्द सुटायला वेळ लागला. "अजून... दोघांची... एकेक."

फळ्या तशाच होत्या, त्याने काढल्या नव्हत्या.