सात खाड्यांच्या किनाऱ्यावर निरोप पोचवताना : माझा अनुभव

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी कोकणात, आंजर्ल्याला घरीच होते. कौलं गेली, पोफळी आडव्या झाल्या, आजोबांनी लावलेला फणस मुळासकट गेला. पण माझ्या डोक्यातून आजही जात नाही ते त्यानंतरचे दिवस. लाइट नाही, रेंज नाही, आईबाबा मुंबईत, आणि आम्हाला फक्त "सगळे बरे आहोत" एवढंच कळवायचं होतं, तीन शब्द, ते जायला चार दिवस लागले. गावातला एक मुलगा बाईक घेऊन, मधे पडलेली झाडं बाजूला करत खेडच्या दिशेने गेला, त्याच्याकडे आम्ही वहीचा कागद दिला होता, आठ-दहा घरांचे नंबर आणि प्रत्येकासमोर एक-एक ओळ. जिथे पहिल्यांदा रेंज आली तिथे थांबून त्याने सगळ्यांना फोन लावले.

त्या पावसाळ्यात मी कादंबरी लिहायला घेतली. कल्पित जग, सात खाड्या असलेला किनारा, नाव सप्तखाडी, राजा नाही, प्रत्येक खाडीची आपली पंचायत, आणि सगळ्यांचा जीव समुद्रावर. पहिल्या खर्ड्यात मी सरळ जादू वापरली होती, सिद्ध बायका शंखात बोलायच्या आणि दुसऱ्या टोकाच्या शंखातून त्याच क्षणी आवाज यायचा. ९० पानं लिहिली आणि वाचून बघितली तर कथेत कोणी कोणाची वाटच बघत नव्हतं. बोट उशिरा आली तरी कोणाच्या पोटात गोळा येत नाही, कारण विचारायचं आणि कळायचं. मला तर वहीच्या कागदावरचे ते चार दिवस लिहायचे होते. मग ती सगळी पानं बाजूला ठेवली आणि ठरवलं की ह्या जगात निरोप कसा कसा लांब जायला लागला ते अगदी पहिल्यापासून, पायरी-पायरीने बसवायचं.

सुरुवात आवाजापासून केली. आपल्याकडे शाळेपासून ऐकतो ना, १६६० च्या जुलैत महाराज विशाळगडावर पोचले की तोफा वाजवायच्या आणि तोपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवायची. मी ह्या गोष्टीकडे आधी कधी निरोप म्हणून बघितलंच नव्हतं. तोफेच्या आवाजात शब्द एकही नाही, पण अर्थ दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून ठेवलाय, म्हणून तो ओळखता येतो. माझ्या सप्तखाडीत तसेच नगारे आले, एका खाडीकडून दुसरीकडे, एक ठोका म्हणजे बोट दिसली, तीन ठोके म्हणजे वादळ. आवाजाला एक किलोमीटर जायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे वेग चांगलाय, पण वारा उलटा असला की दोन-तीन किलोमीटरवर काही ऐकू येत नाही आणि लाटांचा आवाज तर कायमचाच. शिवाय नवीन काही सांगायचं असेल, जे आधी ठरलेलंच नाही, तर नगारा काय करणार?

मग आग. इथे मी खूप दिवस रमले, खरं सांगते, कारण इथे गणित लागतं आणि ते गणित आपल्या डोंगरांना लावून बघता येतं. उंची मीटरमध्ये घ्या, वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज. म्हणजे पुळणीवर उभं राहिलं तर चारएक किलोमीटर, आणि १०० मीटरच्या कड्यावरून साधारण ३६. दोन्हीकडे १०० मीटरचे कडे असतील तर एकमेकांची आग ७० किलोमीटरवरून दिसू शकते! माझा किनारा २८० किलोमीटरचा, म्हणलं झालं, पाच बुरूज पुरे. पण नुसती आग दिसून काय उपयोग, दोन मशाली वेगवेगळ्या दिसायला हव्यात. माणसाच्या डोळ्याला साधारण एक कला एवढा कोन, म्हणजे अंशाचा साठावा भाग, वेगळा कळतो, त्यामुळे ७० किलोमीटरवर दोन मशालींमध्ये किमान २० मीटर अंतर पाहिजे आणि १० किलोमीटरवर तीन मीटर चालतं. शेवटी १२ किलोमीटरला एक असे २४ बुरूज धरले. प्रत्येक बुरुजावर दोन माणसं, लाकूड, तेल, जेवण, म्हणजे पंचायतींना कर बसवावा लागला, आणि तिथून कथेत भांडणं सुरू झाली, जी मला हवीच होती.

मशालींची भाषा शोधताना मला पॉलिबियस सापडला, ग्रीक इतिहासकार, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याने पद्धत लिहून ठेवलीय की अक्षरं पाच ओळींत मांडायची, डावीकडे जितक्या मशाली ती ओळ, उजवीकडे जितक्या ते त्या ओळीतलं अक्षर. वाचलं आणि अंगावर काटा आला, कारण पाच ओळी पाच अक्षरं हे तर आपण पहिलीत घोकलेलं आहे, क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग! ग्रीकांना अक्षरं मुद्दाम चौकटीत बसवावी लागली, आपली तर आधीपासून बसलेली आहेत, आणि तीसुद्धा तोंडात जीभ कुठे लागते त्या क्रमाने. य र ल व श ही सहावी ओळ केली, ष स ह ळ क्ष ही सातवी, ज्ञ ला आठव्या ओळीत एकट्याला ठेवलं.

हे कागदावर ठेवून चालणार नव्हतं. माझा मावसभाऊ कॉलेजला आहे, त्याला म्हणलं येतोस का, तो म्हणाला ताई, टॉर्च कुठली आणू सांग. एका रात्री तो हर्णैला कनकदुर्गाच्या बाजूला गेला, तिथला मासळीचा लिलाव संपून पुळण रिकामी झाल्यावर, आणि मी इकडे कड्यावरच्या गणपतीपाशी. मधे जोगची खाडी आणि काळं पाणी, लांब बोटींचे दिवे. दोघांकडे एकेकच टॉर्च, म्हणून मशालींऐवजी उघडझाप, आधी ओळ, जरा थांबायचं, मग अक्षर. मात्रा आम्ही सोडून दिल्या होत्या, म्हणलं वाचणारा समजून घेईल. मी पाठवलं म आणि ल. पाच-पाच, सहा-तीन. मला म्हणायचं होतं माल, म्हणजे माल आला. थोड्या वेळाने त्याचा फोन, आवाज एकदम बारीक, "ताई, कोण मेला?"

मी तिथेच खाली बसले. कारण आजी आठवली. आजोबा मुंबईला गिरणीत होते, आणि आजी सांगायची की पोस्टमन तार घेऊन आला की उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, शेजारणी धावत यायच्या, कारण साधी खुशाली पोस्टकार्डावर यायची, शब्दाला पैसे मोजून तार कोण उगाच करणार? "बाय गो, एकदा नातू झाला म्हणून तार आली, तरी मी आधी रडून घेतलं," असं ती सांगायची. आपल्याकडची तार जुलै २०१३ मध्ये बंद झाली, आजी त्याच्या आधीच गेली.

तर ती रात्र जशीच्या तशी कादंबरीत गेली. तिसऱ्या खाडीवर माल आला म्हणून निरोप निघतो, अकराव्या बुरुजावर कोणीतरी मेला असं वाचतो, आणि एका घरात दोन दिवस सुतक पाळलं जातं. त्यानंतर सप्तखाडीत मात्रा येतात. बाराखडीचा क्रमांक हाच तिसरा आकडा, का दोन, के सात, म्हणजे माल हा पाच-पाच-दोन, सहा-तीन-एक, आणि मेला हा पाच-पाच-सात, सहा-तीन-दोन. निरोप लांबतो, लाकूड जास्त जळतं, पंचायत कुरकुर करते, पण मात्रा कोणी परत सोडत नाही.

अक्षरांची अजून एक अडचण अशी की किनाऱ्यावरच्या कोणालाही वाचता येतात, व्यापाऱ्यांना ते नको असतं. इथे फ्रान्समधल्या क्लोद शापने वाट दाखवली. त्याच्या मनोऱ्यांवर मोठे लाकडी हात असायचे, पॅरिस ते लील ही पहिली ओळ १७९४ मध्ये सुरू झाली, आणि त्याच्या कोशात ९२ पानं, पानावर ९२ नोंदी, म्हणजे ८,४६४ शब्द किंवा वाक्यं. दोन खुणा केल्या, एक पान आणि एक नोंद, की झालं. मधल्या मनोऱ्यावरच्या माणसाला आपण काय पुढे पाठवतोय हे माहीतच नसायचं. हे मी घेतलं आणि माझं सगळ्यात आवडतं प्रकरण त्यातून निघालं. सतराव्या बुरुजावरची बाई रात्री ४१-७ अशी खूण पुढे पाठवते, हात स्थिर, एकही चूक नाही, आणि सकाळी चोविसाव्या बुरुजावर कोश उघडल्यावर कळतं की ती तिच्याच मुलाची बोट बुडल्याची खबर होती. हे लिहायला मला तीन आठवडे लागले, रोज दोन ओळी.

पण पाऊस? शापचे मनोरे रात्री आणि धुक्यात आंधळे व्हायचे, माझे जूनपासून चार महिने. इथे राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको, आषाढात कड्यावरून समोरचा सुवर्णदुर्ग किल्लासुद्धा दिसेनासा होतो. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि सप्तखाडीत शब्दही बंद. म्हणून पाण्याखालून तार हवी होती. खऱ्या जगात ती शक्य झाली गटापर्चामुळे, मलायातल्या एका झाडाचा चीक, गरम पाण्यात मऊ आणि गार पाण्यात घट्ट, पाणी आत शिरू देत नाही. ते झाड आपल्या बकुळीच्या आणि चिकूच्या कुळातलं आहे हे कळल्यावर मी परसातल्या बकुळीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागले. कादंबरीत मग बकुळीची एक रानटी बहीण आली, खाडीच्या वरच्या अंगाला वाढणारी, आणि तिचा चीक काढणारी माणसं.

तारेत सोडायचं काय, हे माशाने सोडवलं. अरबी समुद्रात करंट मारणारा चपटा मासा मिळतो, पाकटासारखा दिसणारा. व्होल्टाने १८०० मध्ये पहिली बॅटरी जगासमोर मांडली तेव्हा तिची तुलना अशाच माशाच्या अवयवाशी केली होती! मग माझ्याकडे मोठे मासे, दगडी टाक्या आणि त्यांना सांभाळणाऱ्या कोळणी, आणि मंत्राची गरजच संपली.

कथेतली पहिली तार मी मुद्दाम बंद पाडली. १८५८ ची अटलांटिकमधली तार जेमतेम तीन आठवडे चालली, व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा निरोप जायला १६ तास लागले, आणि खूण पोचत नाही म्हणून विजेचा जास्त दाब दिला तसं तारेवरचं वेष्टणच खराब झालं. टिकणारी तार १८६६ मध्ये टाकली गेली आणि मुंबई १८७० मध्ये इंग्लंडशी जोडली गेली. सप्तखाडीतही तेच, उतावळा मुख्य कारकून एकदम नऊ मासे जोडतो, आणि ऐन श्रावणात तार मुकी होते. दुसरीला अकरा वर्षं लागतात.

सध्या मी तिथे आहे. दुसरी तार सहा खाड्यांना पोचलीय, बुरुजावरची माणसं एकेक करून खाली उतरतायत, काही जण चीक काढायला गेलेत, काही जण मुंबईसारख्या एका शहरात. सतराव्या बुरुजावरची बाई उतरायला तयार नाही. मावसभाऊ म्हणतो ताई, तिला तार शिकव, ती शिकेल. मला वाटतं ती वरच राहील आणि लाकूड कोरडं ठेवेल. ह्या पावसाळ्यात दोन्ही लिहून बघणारे.