वर्फ हा आमचा चाकरमानी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाहीतर हे मी आपणहून कोणाला सांगायला जात नाही, कारण सुरुवात केली की थांबत नाही, असं घरचे म्हणतात.

प्रश्न नेहमीचाच. आधी बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला, मग भाच्याने, आणि परवा मालवणच्या बाजारात सुरमईचा भाव चालला असताना एका ओळखीच्या मास्तरांनी. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळातल्या मालिकेत एवढे परग्रहवासी आहेत, त्यांतला तुमचा आवडता कोण? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं असतं: स्पॉक. टोकदार कानांचा, तर्काशिवाय बोलायचं नाही असा तो व्हल्कन. मी ‘वर्फ’ म्हणतो आणि समोरचा हिरमुसतो. वर्फ? तो कपाळावर वळकट्यांचा, सदा तापलेला क्लिंगॉन?

होय, तोच. कारण तो चाकरमानी आहे.

स्पॉक मी पहिल्यांदा पाहिला परळच्या चाळीत, शेजाऱ्यांकडे. १९८२चा गिरणी संप होऊन गेला होता, वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नव्हती, आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायचं. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली मालिका आम्ही सतरा-अठरा वर्षांनी पाहत होतो, तीही दहा बाय बाराच्या खोलीत, पंधरा जणांच्या डोक्यांवरून. पुढच्या मालिका तुकड्यातुकड्यांनी पाहिल्या. सलग पाहिल्या त्या निवृत्तीनंतर, मालवण तालुक्यातल्या आमच्या घरात परत येऊन राहिलो तेव्हा. पावसात वीज जाते, पण उरलेल्या वेळात बरंच पाहून होतं.

या मालिकेच्या चाहत्यांचा जुना आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे: एका ग्रहाला एकच स्वभाव. व्हल्कन सगळे तर्कट, फेरेंगी सगळे लोभी, क्लिंगॉन सगळे लढवय्ये. अख्ख्या ग्रहाला एकच टोपी. मला या आक्षेपाची गंमत वाटते, कारण माझ्या डोक्यावर अशी टोपी पस्तीस वर्षं होती. मी कोकणातला म्हटल्यावर बँकेत पुढचं वाक्य ठरलेलं: ‘मग आंबे कधी आणताय?’ मालवणी, दालदी, गाबीत, चित्पावनी, खारवी, सगळे एका पेटीत, वर पेंढा. आमच्या तालुक्यात खाडी ओलांडली तर कालवणाचं वाटप बदलतं, हे सांगून उपयोग नसायचा.

म्हणून मला टोपी घातलेल्या ग्रहापेक्षा, ती टोपी आपल्या डोक्यावर नीट बसते का हे सारखं चाचपणारा माणूस बघायला आवडतो. वर्फ तसा आहे. लहानपणी एका हल्ल्यात आईबाप गेले, आणि त्याला वाढवलं रशियन वंशाच्या एका माणूस-जोडप्याने. आपल्या लोकांपासून दूर वाढल्यामुळे क्लिंगॉन असणं म्हणजे काय, हे त्याने बरंचसं लांबूनच घडवलं. म्हणून क्लिंगॉनांमध्ये त्याच्याइतका कडक क्लिंगॉन दुसरा नाही. बाकीचे पितात, थापा मारतात, सत्तेसाठी भावाच्या पाठीत सुरी घालतात. हा मात्र मान, इमान, पूर्वज.

१९९१च्या एका भागात, वर्फ माणसांच्या ज्या अंतराळ-जहाजावर नोकरीला असतो तिथला बार चालवणारी गायनन त्याला विचारते की तू कधी हसत कसा नाहीस. तो म्हणतो, क्लिंगॉन हसत नाहीत. तिचं उत्तर साधारण असं: हसतात की, चांगले पोट धरून हसतात, मी ऐकलंय, हसत नाहीस तो तू. हा प्रसंग पाहताना मी टीव्ही थांबवला आणि उठून पाणी प्यायलो.

कारण आमची माटवी.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं-फुलं बांधतात. आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचा घड, तवसं, हरणं, कांगणी आणि लालभडक कवंडळ. वडिलांनी परळच्या खोलीत बसून, संपाच्या दिवसांत, याची यादी एका वहीत लिहून ठेवली होती. कुठलं फळ कुठल्या कोपऱ्यात, तेसुद्धा. ती वही मी जपली. दरवर्षी गणपतीला एसटीने, १९९८नंतर कोकण रेल्वेने, ती माझ्याबरोबर गावी यायची आणि मी चौकटीखाली उभा राहून तपासणी करायचो.

एका वर्षी कवंडळ नव्हतं. चुलतभाऊ, आमचा दादा, शिडीवरून म्हणाला, ‘‘कवंडळां आता रवली खय? बाजारात प्लास्टिकची गावतत. पुढच्या वर्षाक पण चलतली.’’

मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. परंपरा, पूर्वज, असे शब्द त्यात होते. दादा शिडीवरून उतरला, बिडी पेटवून खळ्यात जाऊन बसला. वहिनी सोलांची भांडी उगीच इकडची तिकडे करत राहिली. शेवटी आते बोलली. आतेला गावातच दिलेली, चतुर्थीला माहेरी असते, नव्वदीला टेकली आहे. वातीला तूप लावता लावता, वर न बघता म्हणाली, ‘‘तुझ्या आज्यान गावला ता बांधल्यान. एका वर्षी पावस इतको, की नुसता तवसा आणि नारळ. बापूस तुझो तेव्हा मुंबैक होतो. तेका काय म्हायत!’’

म्हणजे वही लिहिणाऱ्याने ती माटवी निम्मी आठवणीतून आणि निम्मी मनातून बांधली होती. रोज जे डोळ्यांसमोर असतं त्याची यादी कोण करतो? गायननने वर्फला सांगितलं तेच आतेने मला सांगितलं, फक्त तूप लावता लावता.

आता क्लिंगॉनांची बाजूही सांगायला हवी, नाहीतर ते सगळे लबाड आणि वर्फ तेवढा सोवळा असं वाटेल. त्यांची घराणी, त्यांची परिषद, कोणाचा मान आधी आणि कोणाचा नंतर, हे पाहताना मला आमची बारा-पाचाची गावऱ्हाटी, म्हणजे गावकीची मानापानाची जुनी व्यवस्था, आठवते. १९९०च्या एका भागात वर्फच्या मेलेल्या बापावर फितुरीचा आळ येतो. खरा फितूर दुसऱ्याच घराण्यातला, हे परिषदेतल्या वरच्यांना माहीत असतं. पण ते घराणं बलाढ्य, खरं बोललं तर यादवी माजेल, म्हणून आळ मेलेल्यावरच राहू द्यायचा. वर्फ तो कलंक आपल्यावर घेतो आणि सगळे त्याच्याकडे पाठ फिरवतात. परदेशी समीक्षकांना हे शेक्सपिअरसारखं वाटत असेल. मला सरळ आमच्या वाडीतला गडगा, म्हणजे हद्दीवरचा दगडी बांध, दिसला. तो कोणी, कुठल्या रात्री, किती हात सरकवला हे प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि देवळात बसल्यावर एकालाही नाही.

आणि भाषा. क्लिंगॉन भाषा मार्क ओक्रँड नावाच्या भाषातज्ज्ञाने रचली, तिचा शब्दकोश १९८५ साली निघाला. त्या भाषेत ‘नमस्कार’ नाही. भेटल्यावर जे म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ ‘काय पाहिजे?’ चाहते याला क्लिंगॉनांचा उद्धटपणा समजतात. त्यांनी एकदा आमच्याकडच्या दुकानाच्या फळीसमोर उभं राहावं. ‘‘काय व्हया?’’ याच्याइतकं अगत्याचं स्वागत मला मुंबईच्या कुठल्याही काउंटरवर मिळालेलं नाही.

कपाळाची गोष्टही तशीच. १९६७ साली क्लिंगॉन पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांची कपाळं गुळगुळीत होती. वळकट्या आल्या १९७९च्या चित्रपटात. रंगभूषेचे पैसे वाढले, एवढाच खरा इतिहास. पण १९९६च्या एका भागात पात्रं काळात मागे जातात, जुने क्लिंगॉन बघतात आणि चक्रावून वर्फकडे वळतात. तो म्हणतो, आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. पुढे २००५ साली लेखकांनी याचं विषाणूचं स्पष्टीकरण दोन भाग खर्चून दिलं. नको होतं द्यायला. प्रत्येक घराण्यात असा एक विषय असतो आणि चहा ओतून तो बदलायचा असतो.

माझ्या भाच्याला हे काही पटत नाही. त्याचं तारकर्लीला होमस्टे आहे, तो फेरेंगींच्या बाजूचा. त्यांचे नफ्याचे २८५ नियम हीच काय ती कामाची संस्कृती, असं म्हणतो. १९८७ साली फेरेंगी खलनायक म्हणून आणले आणि कोणी त्यांना घाबरेना, हे मी त्याला आठवण करून देतो. तो मला १९९४च्या भागातला क्वार्क नावाचा फेरेंगी ऐकवतो: तुम्ही माणसांनी गुलाम बाळगलेत, छळछावण्या काढल्यात, आम्ही लोभी असलो तरी तसलं कधी केलं नाही. यावर मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. मे महिन्यातले त्याचे खोल्यांचे दर बघितले की मात्र थोडं सुचू लागतं.

राहिला वर्फचा शेवट. १९९९च्या भागांत त्याची सहकारी एझ्री डॅक्स त्याला तोंडावर सुनावते की तुमचं साम्राज्य आतून सडलंय, आणि तुझ्यासारखा इमानी माणूस लबाड नेत्यांना चालवून घेतो तर बाकीच्यांकडून काय आशा ठेवायची. ती स्वतः क्लिंगॉन नाही, पण आधीच्या जन्मात त्यांच्यात उठबस केलेली. वर्फ साम्राज्याच्या प्रमुखाला द्वंद्वात मारतो, आणि गादी स्वतः न घेता मार्टोकला देतो. मार्टोक साध्या घरातून वर आलेला, तिथलाच. हसतोही भरपूर. चाकरमान्याने सरपंच होऊ नये, एवढं वर्फला कळलं. आमच्या गावात दोघांना कळलं नव्हतं.

गेल्या चतुर्थीला आतेने विचारलं, ‘‘झिला, तू रात्रभर ता काय बघतंस?’’ मी तिला वर्फची गोष्ट सांगितली, जमेल तशी. अळ्या जिवंत खातात म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं, मग विचारलं, ‘‘मीठ तरी लावतत?’’ बापावरच्या आळाची गोष्ट तिला लगेच समजली. दोन नावंही तिने घेतली, ती मी इथे देणार नाही. दादा बाजूला बसून माटवीला सुतळी बांधत होता. या वेळी कवंडळं तीन होती, एक खरं आणि दोन प्लास्टिकची, आणि कुठलं कुठल्या कोपऱ्यात हे मी विचारलं नव्हतं.

‘‘मगे शेवटाक तो आपल्या घराक इलो काय नाय?’’ आतेने विचारलं.

म्हटलं, ‘‘इलो. पण माणसांनी तेका राजदूत करून पाठवल्यानी.’’

आतेने वात वळायची थांबवली.

‘‘म्हणजे पावणो म्हणान इलो,’’ ती म्हणाली, आणि दादा सुतळी सोडून हसायला लागला.